घर विकताना घेणाऱ्याला काय काय सांगावंच लागतं? (ओल, वारस, पार्किंग आणि बाकी सगळं)

पागोळी
नमस्कार मंडळी,
बाबा जाऊन दीड वर्ष झालं. कोथरूडचा फ्लॅट विकायचा असं आता आम्ही ठरवलं आहे. आई माझ्याकडे राहते, भाऊ कॅनडात असतो. इमारत १९९४ ची, तीन मजली. आमचा तिसरा मजला, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची.

मागच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. जूनमध्ये काही कळत नाही. जुलैच्या मध्यापासून कपाटामागे पोपडे सुटायला लागतात, ऑगस्टमध्ये पांढरे क्षार फुलतात, आणि दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा कोरडी होते. बाबांना नोंदी ठेवायची सवय होती. ओल छतापासून जिथवर उतरली तिथे ते पेन्सिलीने आडवी रेघ मारायचे आणि शेजारी साल लिहायचे. २०११ ची रेघ छताखाली वीतभर आहे. २०१९ ची खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकली आहे. २०२२ ची सगळ्यात खाली, माझ्या खांद्याशी.

एजंट म्हणाले, "आत्ता जानेवारी आहे, भिंत कोरडी आहे, पुट्टी भरून रंग काढून घ्या. मे महिन्याच्या आत व्यवहार उरकू. सगळे असंच करतात." मी हो म्हटलं. परवा रंगारी आला, पॉलिश पेपर घेऊन खालून घासायला लागला, २०२२ ची रेघ अर्धी पुसली गेली आणि मला एकदम राहवलं नाही. त्याला थांबवलं आणि घरी पाठवलं.

आता प्रश्न. कायद्याने मला ही ओल सांगावी लागते का? आणि ओलीशिवाय आणखी काय काय सांगणं बंधनकारक आहे? कोणी नीट माहिती द्याल का?

उंबरठा
पागोळी, जुनं घर आहे, घेणारा डोळे उघडे ठेवूनच येतो. मी दोन घरं घेतली, एकाही विकणाऱ्याने मला स्वतःहून काही सांगितलं नाही. दोन्ही वेळा मी प्लंबर घेऊन गेलो होतो. तुम्ही रंग द्या, किंमत थोडी कमी धरा आणि मोकळ्या व्हा. आईचं वय झालंय, व्यवहार लांबला तर तुम्हालाच त्रास आहे.

काळा_कोट
उंबरठा, तुमचा सल्ला आपुलकीचा आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. मी पुण्यात मिळकतीचीच कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्यातलं कलम ५५ विकणारा आणि घेणारा या दोघांची कर्तव्यं सांगतं. पहिलंच कर्तव्य असं: मिळकतीत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही तो त्याला सापडण्यासारखा नसेल, तर तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. याच कलमाच्या शेवटी म्हटलंय की असा दोष न सांगणं म्हणजे फसवणूक. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. जुन्या घराला घेणाराच जबाबदार, असं सरसकट कुठेही लिहिलेलं नाही.

सगळा भार 'साधारण काळजी' या शब्दांवर आहे. फुटलेली फरशी, मोडकं दार, अंधारी खोली, रस्त्याचा आवाज या गोष्टी बघणाऱ्याला दिसतात. त्या सांगितल्या नाहीत तर कायदा विकणाऱ्याला धरत नाही. जानेवारीत कोरडी ठणठणीत दिसणारी आणि ऑगस्टमध्ये क्षार फुलणारी भिंत मात्र कोणाला कशी दिसणार? एरवी निदान पोपडे तरी दिसले असते. पुट्टी मारली की तेही गेले.

आता पुट्टीबद्दल. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. नुसतं गप्प बसणं ही दर वेळी फसवणूक होत नाही, पण माहीत असलेली गोष्ट झाकून ठेवण्यासाठी काही करणं ही होते. पुढच्या कलम १९ मध्ये विकणाऱ्याला थोडी पळवाट आहे: तो नुसता गप्प बसला असेल आणि घेणाऱ्याला थोड्या मेहनतीने खरं शोधता आलं असतं, तर घेणाऱ्याला करार मोडता येत नाही. पण ती पळवाट मुद्दाम झाकणाऱ्याला मिळू नये, असंच मी प्रत्येक पक्षकाराला सांगते. आणि पागोळी, तुमच्या बाबांनी भिंतीवर २०११ पासूनच्या तारखा लिहिल्या आहेत. घरच्यांना दोष माहीत होता याचा याहून सरळ पुरावा मी माझ्या कामात पाहिलेला नाही. त्याच्यावरच रंग मारायचा?

मुदतही लक्षात घ्या. अशा दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात, आणि फसवणूक असेल तर ती तीन वर्षं कळल्यापासून मोजतात, खरेदीखत झालं त्या दिवसापासून नाही.

पागोळी
खूप आभार. अगदी हेच हवं होतं. एजंट म्हणतात की साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) 'मिळकत आहे त्या स्थितीत विकली' असं लिहिलं की पुढचा प्रश्नच मिटतो. ते खरं आहे का?

काळा_कोट
ते वाक्य जवळजवळ प्रत्येक साठेखतात असतं. दिसणाऱ्या गोष्टींपुरतं ते कामाचं आहे, म्हणजे नंतर नळ गळतो म्हणून कोणी भांडायला येऊ नये. माहीत असलेला दडलेला दोष त्या वाक्याखाली घालता येईल, या भरवशावर मी कोणालाही सही करू देत नाही.

कलम ५५ मध्ये आणखी एक ओळ आहे आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. घेणाऱ्याने मिळकतीबद्दल किंवा हक्काबद्दल जे संबंधित प्रश्न विचारले, त्यांची विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे उत्तरं द्यायची. म्हणजे घेणाऱ्याने विचारलं की गप्प बसायची सोयच राहत नाही. दुर्दैवाने घेणारे विचारतात ते दिवाणखान्यात, चहा पिता पिता. टोकन देण्याआधी दहा प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच घ्या. मी दोन्ही बाजूंची कामं करते आणि दोन्ही बाजूंना हेच सांगते.

मुठाकाठ
काळा_कोट यांच्या शेवटच्या वाक्यावर माझा अनुभव. २०२३ मध्ये सिंहगड रोडच्या आतल्या भागात पहिल्या मजल्यावर रीसेल फ्लॅट घेतला. टोकनच्या आधी मी स्वतः विचारलं होतं, "नदी जवळ आहे, पाणी येतं का?" विकणारे गृहस्थ म्हणाले, "छे, अहो, इतक्या वर्षांत कधी नाही." २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि पहाटे पार्किंगमध्ये छातीभर पाणी. दोन्ही गाड्या गेल्या. शेजारच्या काकू वाळत घातलेल्या गाद्यांकडे बघत म्हणाल्या, "आधीही आलं होतं, तेव्हा गुडघाभर होतं." त्या दिवशी मला पुराचं दुःख कमी आणि त्या 'छे'चं जास्त झालं. लेखी काही नव्हतं. वकिलांनी विचारलं, तुम्ही विचारल्याचा पुरावा काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काळा_कोट
मुठाकाठ, वाईट वाटलं वाचून. पुराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेली असते, त्यामुळे समोरचा वकील म्हणतो की नकाशा बघितला असता तर कळलं असतं, ही साधारण काळजीच आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांगली, कोल्हापूर, पुणे, चिपळूण, कुठेही नदीकाठी घर घेत असाल तर विकास आराखड्याच्या नकाशावर या दोन्ही रेषा बघून घ्या. आणि तरीही प्रश्न लेखी विचारा. नकाशाला पार्किंगमध्ये किती पाणी चढलं ते माहीत नसतं, विकणाऱ्याला माहीत असतं.

खाडीपलीकडे
मी कॅलिफोर्नियात असतो. इथे घर विकताना काय करावं लागतं ते लिहितो, तुलनेला उपयोगी पडेल. विकणाऱ्याला एक ठरावीक फॉर्म भरावाच लागतो. छत गळतं का, पाया खचला आहे का, परवानगी न घेता काही बांधकाम केलंय का, शेजाऱ्यांशी वाद आहे का, अशा प्रश्नांना हो किंवा नाही करून खाली खुलासा लिहायचा. पूर, वणवा, भूकंपाचा पट्टा यांचं पत्रक वेगळं. घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाबद्दल माहिती देणं हा देशभरचा नियम आहे. एजंटलाही घर स्वतः फिरून बघून जे दिसलं ते लिहून द्यावं लागतं. आम्ही घर विकलं तेव्हा मी आणि बायकोने दोन रात्री बसून ते सगळं भरलं. २०१५ मध्ये स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पाणी झिरपलं होतं, ते दुरुस्त केलं होतं, तेही लिहिलं. लिहिताना भीती वाटत होती की गिऱ्हाईक पळेल. तसं झालं नाही. उलट त्यांनी प्लंबरचं बिल मागितलं, ते दिलं आणि विषय संपला.

आपल्याकडे दोन माणसांमधल्या रीसेलसाठी असा फॉर्मच नाही, ही मला मोठी उणीव वाटते. कर्तव्य कायद्यात आहे, पण ते पार पाडायला हातात कागद नाही.

शांत_गल्ली
एक नाजूक प्रश्न. घरात कोणी आत्महत्या केली असेल तर सांगावं लागतं का? आमच्या ओळखीत असं एक घर आहे, कुटुंब अजून सावरलेलं नाही आणि त्यांना ते घर विकायचं आहे.

खाडीपलीकडे
आमच्याकडे गेल्या तीन वर्षांत घरात मृत्यू झाला असेल तर तो सांगतात. त्यापेक्षा जुना असेल आणि घेणाऱ्याने स्पष्ट विचारलं तर खोटं बोलता येत नाही.

काळा_कोट
आपल्या कलमात मृत्यूचा उल्लेख नाही. ते मिळकतीतल्या किंवा हक्कातल्या दोषाबद्दल बोलतं. माझं मत विचाराल तर स्वतःहून सांगायची सक्ती दिसत नाही, पण थेट विचारलं तर खोटं सांगू नये. त्या कुटुंबाला म्हणावं, बोलणी वकिलामार्फत करा, म्हणजे त्यांना दर येणाऱ्यासमोर तो दिवस पुन्हा सांगत बसावं लागणार नाही.

सहा_चाळीसची_लोकल
भिंतीपेक्षा कागदांत जास्त दडलेलं असतं, माझं तसंच झालं. डोंबिवलीत फ्लॅट घेताना विकणाऱ्याने 'एक कव्हर्ड पार्किंगसह' असं सांगितलं, साठेखतात तसं लिहिलंही. ताबा घेतल्यावर सोसायटीने सांगितलं की ते पार्किंग त्यांना सोसायटीने वापरायला दिलं होतं, विकायला नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही असं सांगितलं, हे मला नंतर कळलं. आज माझी गाडी रस्त्यावर असते. पार्किंग म्हटलं की सोसायटीचं वाटपाचं पत्र मागा.

दुसरं, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी. खरेदी झाल्यावर दोनच महिन्यांनी सभासदामागे एक लाख ऐंशी हजार भरायची नोटीस आली. ठराव आमच्या खरेदीच्या आधीच झाला होता. विकणारे त्या सभेला हजर होते, उपस्थितीच्या वहीत त्यांची सही आहे. ती सही मी डोळ्यांनी बघितली.

माजी_सचिव
मी बारा वर्षं आमच्या सोसायटीचं काम बघितलं. विकणाऱ्या सभासदाने घेणाऱ्याला स्वतःहून द्यावेत असे कागद सांगतो: शेवटच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं, थकबाकी नसल्याचा दाखला, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झालं असेल तर त्याचा अहवाल. आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायला सांगितलं आहे. पागोळीताई, १९९४ ची इमारत म्हणजे तुमची दर तीन वर्षांच्या गटात गेली. विचारा, झालंय का. इमारतीची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का, हेही घेणाऱ्याला कळलं पाहिजे. पुनर्विकासाचा ठराव लपवून स्वस्तात विकत घेणारे आणि धोक्याच्या इमारतीची नोटीस लपवून विकणारे, दोन्ही मी बघितलेत.

आणखी एक, गच्ची सामाईक असते. पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे, तुमच्या एकटीचं नाही. तुमच्या बाबांनी कधी सोसायटीला पत्र दिलं होतं का?

पागोळी
काका, दिलं होतं. फाइल काढली. २०१४, २०१७ आणि २०२० ची तीन पत्रं आहेत, तिन्हींवर पोच आहे. २०१८ मध्ये सोसायटीने गच्चीवर नुसता केमिकलचा हात मारला होता, तो एक पावसाळा टिकला.

काळा_कोट
ती तिन्ही पत्रं घेणाऱ्याला द्या. तुम्ही लपवत नाही हेही त्यातून दिसतं आणि सोसायटीकडे मागणी करायला त्यांना पायाही मिळतो.

आता मला एक विचारायचं आहे, आणि मला ते ओलीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?

पागोळी
बाबांच्या नावावर होता. नॉमिनेशन आईचं होतं, म्हणून ते गेल्यावर सोसायटीने भागपत्रावर आईचं नाव लावलं. त्यामुळे विकणारी आईच.

काळा_कोट
इथेच बहुतेक व्यवहार अडकतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीच्या नावावर हस्तांतरण करते ते तिच्या कारभारापुरतं. वारसांचे हक्क त्याने जात नाहीत. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचा सारखा वाटा. बाबांची आई हयात असेल तर तिचाही.

पागोळी
आजी नाही. मृत्युपत्रही नाही. म्हणजे तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश.

काळा_कोट
मग आईने एकटीने सही केली तर हक्कातला दोष लपवल्यासारखं होईल, कोणाच्या मनात तसं काही नसलं तरी. कलम ५५ मध्ये मिळकतीतला दोष आणि हक्कातला दोष शेजारी शेजारी लिहिले आहेत ते याचसाठी. दोन मार्ग आहेत. तुम्ही तिघंही विकणारे म्हणून खरेदीखतावर सह्या करा, किंवा तुम्ही दोघं आईच्या नावाने नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून द्या. भावाला यायला जमत नसेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) साक्षांकित करून पाठवायचं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. मूळ कागद जपून ठेवा.

भाऊ विकणारा राहिला तर तो अनिवासी आहे हेही घेणाऱ्याला आधीच सांगा. निवासी विकणाऱ्याकडून ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणारा १ टक्का कर कापतो. अनिवासी असेल तर नियम वेगळा, दर बराच जास्त आणि ती ५० लाखांची सवलतही नाही. कर कमी कापला गेला तर आयकर खातं घेणाऱ्याच्या मागे लागतं. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही म्हणून घाबरून गेलेली जोडपी माझ्याकडे येतात.

उंबरठा
हे मला खरंच माहीत नव्हतं. पहिला प्रतिसाद मागे घेतो. पागोळी, रंग देऊ नका.

ओसरी
आम्ही नवीन इमारतीत दोन वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट विकतोय. आमच्याकडेही बाहेरच्या भिंतीला भेग आहे. आम्ही सांगायचं की बिल्डरने?

काळा_कोट
दोघांनीही. रेरा कायदा (बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा) बिल्डरला आणि एजंटला लागू आहे, तुमच्यासारख्या रीसेलवाल्याला नाही. पण त्यात ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा आहे, आणि तुमच्याकडून घेणाऱ्यालाही त्या मुदतीचा फायदा मिळतो. म्हणून भेग दाखवा, ताबापत्राची प्रत द्या आणि बिल्डरला आजच लेखी कळवा.

माजी_सचिव
मुंबईत असाल तर जमीन कलेक्टरची आहे का तेही बघा, परवानगी लागते. म्हाडाच्या सोडतीतलं घर असेल तर पाच वर्षं विकता येत नाही.

पागोळी
मंडळी, तीन महिन्यांनी लिहितेय. बरंच काही झालं.

भावाने कुलमुखत्यारपत्र पाठवलं आणि आम्ही दोघांनी आईच्या नावाने हक्कसोडपत्र नोंदवलं. काळा_कोट यांच्या सल्ल्याप्रमाणे मी एक पान लिहून काढलं: पश्चिमेच्या भिंतीची ओल, कधी सुरू होते, कुठवर उतरते, सोसायटीला दिलेली तीन पत्रं, २०१८ चं काम, पार्किंग वाटपाचं पत्र, ऑडिट झालेलं नाही ही गोष्ट, बाबांचं नॉमिनेशन आणि हक्कसोडपत्र. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पान दारातच दिलं. एजंट नाराज होऊन गेले. दुसरे मिळाले.

पहिलं कुटुंब पान वाचून जिन्यातूनच परत गेलं. दुसऱ्यांनी सहा लाख कमी करायला सांगितले, आई नाही म्हणाली. तिसरे आले ते नवरा-बायको आणि त्यांचे सासरे. सासरे आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर होते. त्यांनी कपाट सरकवायला लावलं, भिंतीवर तळहात टेकवला, मग चष्मा लावून एकेक साल वाचलं. विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी सांगितलं. मग वर गच्चीवर गेले, कठड्याच्या बुडाशी बोटं फिरवली आणि म्हणाले, "पाणी इथून शिरतंय. कोबा फोडून नवीन करावा लागेल, रंगाने काही होणार नाही." सोसायटीने पावसाळ्याआधी ते काम करायचा ठराव केलाय, निम्मा खर्च आम्ही किमतीत सोडला, अडीच लाख. ते पान साठेखताला जोडलं आहे, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत.

त्यांनी एक विनंती केली. भिंत रंगवून देऊ नका, म्हणाले, काम झाल्यावर पहिल्या पावसात ओल कुठवर येते ते आम्हाला याच रेघांवर बघायचं आहे. रंगाऱ्याने घासून अर्धी पुसलेली २०२२ ची रेघ मी उरलेल्या टोकावरून पुढे ओढली, बाबांच्याच पेन्सिलीने. ती मी ओढली आहे, हेही त्यांना सांगितलं.